एमआरआय नॉर्मल, तरी काका गप्प: पार्किन्सन्समधल्या डिप्रेशनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाव, मोहल्ला आणि घरातले काही तपशील बदललेत, आजाराचा क्रम मात्र जसा झाला तसाच ठेवलाय. मी समुपदेशक आहे, नागपूरच्या धंतोलीत बसते. माझ्याकडे वयस्क पेशंट स्वतःहून फार कमी येतात, आधी त्यांच्या मुली नाही तर सुना येऊन पाहून जातात. इथेही आधी मुलगीच आली.

काका ६८ वर्षांचे, हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेले. पश्चिम नागपुरात स्वतःचं घर, वरच्या मजल्यावर भाडेकरू, मुलगा पुण्याला आयटीत, मुलगी इथेच जवळपास. साधारण चार वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, मग पाऊल बारीक पडायला लागलं, अक्षर लहान लहान होत गेलं आणि न्यूरोने, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरने, पार्किन्सन्स सांगितला. तेव्हापासून लेव्होडोपा-कार्बिडोपा ही हालचालीची मुख्य गोळी दिवसातून तीनदा, सोबत सकाळी रासाजिलीन, आणि थरथर कमी व्हावी म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, जिला आपल्याकडे सगळे पॅसिटेन म्हणूनच ओळखतात. हालचालीच्या बाबतीत बरं चाललं होतं, म्हणजे बटणं स्वतः लावायचे, बँकेत जाऊन यायचे.

पण मुलीला जरा मागचं विचारलं तर वेगळीच हकीकत निघाली. हात थरथरायच्या दोन-अडीच वर्षं आधीच काकांनी लग्नाकार्यात जाणं बंद केलं होतं, शाळेतल्या जुन्या मास्तर लोकांच्या रविवारच्या तर्री पोह्याच्या बैठकीलाही नाही म्हणायला लागले होते, छोट्या गोष्टीचं टेन्शन घ्यायचे. घरच्यांनी म्हटलं रिटायर झाले ना, होते असं. त्याच काळात गॅसवर डाळ करपली तरी त्यांना वास आला नव्हता, बद्धकोष्ठ होतं, आणि झोपेत हातपाय झाडायचे, एकदा काकूंना कोपर लागलं होतं. हे सगळं कोणी एकत्र करून पाहिलं नव्हतं, आणि पाहणार तरी कोण, वासाची तक्रार घेऊन कोणी मेंदूच्या डॉक्टरकडे जात नाही.

नेमका प्रॉब्लेम काय होता

गेल्या सहा महिन्यांत काका बसूनच राहायला लागले. "बोलतच नाही हो हे, नुसते भिंतीकडे पाहून राहिले असतात, जेवा म्हटलं तर जेवतात, नाही म्हटलं तर तेही नाही," हे काकूंचं वाक्य. वजन चार किलो कमी, पहाटे चारला जाग, दिवसा पेंग. मध्ये एका फॅमिली डॉक्टरने झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली होती, त्यावर झोप लागायची पण रात्री बाथरूमला जाताना दोनदा पडले.

विसरतात म्हणून मुलाने पुण्याहून ऑनलाइन पैसे पाठवून एमआरआय करून घ्यायला लावला. रिपोर्ट आला, वयाच्या मानाने नॉर्मल. आणि इथून घरात दोन पार्ट्या पडल्या. मुलाचं म्हणणं, मेंदू नॉर्मल आहे म्हणजे हे सगळं मनाचं आहे, बाबांनी स्वतः उठायला पाहिजे, हिंमत धरायला पाहिजे. मुलीचं म्हणणं, पार्किन्सन्स झाल्यावर कोण खूश राहील, दुःख तर होणारच, त्यात औषध कशाला. दोघंही प्रेमापोटीच बोलत होते आणि दोघांच्याही बोलण्याचा परिणाम एकच, की डिप्रेशनची ट्रीटमेंट सुरू होत नव्हती.

त्यात अजून एक घोळ असतो. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावरचे हावभाव तसेही कमी होतात, आवाज बारीक होतो, माणूस हळू होतो, झोप बिघडते, थकवा येतो. हे सगळं डिप्रेशनमध्येही होतं. त्यामुळे नुसतं चेहरा पाहून ना हो म्हणता येतं ना नाही. मी १५ प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल वापरली, त्यात शरीराच्या तक्रारी कमी आणि मनाचे प्रश्न जास्त असतात, हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं. पाचच्या वर गेलं की लक्ष द्यायचं असतं, काकांचे ११ आले.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं ते काकांचं बोलणं. काकूंना बाहेर बसवून सरळ विचारलं, जगणं नकोसं वाटतं का. खूप वेळ थांबून म्हणाले, "सकाळी उठलोच नाही तर बरं, असं वाटते. स्वतः काही करणार नाही मी." हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, विचारल्याने डोक्यात कल्पना घातली जाईल असं वाटतं, तसं होत नाही, उलट बरेचदा माणूस हलका होतो. त्याच दिवशी मुलीला त्यांच्या परवानगीने सांगितलं, गोळ्यांचा डबा काकूंच्या ताब्यात दिला, सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट त्याच आठवड्यातली घेतली, आणि टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावायला सांगितला, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मेंदूत काय चालू असतं

मुलाला फोनवर जे समजावलं ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे निर्णय ह्याच्यावरच बसलेत.

पार्किन्सन्स म्हटलं की सब्स्टॅन्शिया नायग्रा ह्या भागातल्या डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरणं, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. डोपामिन हालचालीपुरतं नाही, त्याचा एक रस्ता मेंदूच्या त्या भागांकडे जातो जिथे एखादी गोष्ट करावीशी वाटणं, आवडणं, वाट पाहणं हे ठरतं. तो रस्ता कमजोर झाला की पोहे समोर असूनही खावेसे वाटत नाहीत. शिवाय मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस म्हणून एक अगदी लहान भाग आहे, नॉरअॅड्रेनालिनचा मोठा साठा तिथला, आणि जवळच राफेच्या पेशी आहेत, सेरोटोनिन तिथून जातं. पार्किन्सन्समध्ये हे दोन्ही भागही मार खातात.

आणि कधी खातात हे जास्त महत्त्वाचं. हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शवविच्छेदनातल्या मेंदूंवरून एक क्रम मांडला. अल्फा-सिन्युक्लिन हे प्रोटीन चुकीचं गोळा होत जातं, आधी वास घेणाऱ्या भागात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या बाजूला, मग लोकस सेरुलियस आणि राफेच्या आसपास, आणि त्यानंतर सब्स्टॅन्शिया नायग्रात. म्हणजे हात थरथरायच्या आधीच मूडशी संबंधित भाग बिघडायला लागलेले असू शकतात. प्रत्येक पेशंटमध्ये हा क्रम असाच जातो असं नाही, पण काकांची हकीकत आठवा, वास गेला, बद्धकोष्ठ, झोपेतली झाडाझूड, लोकांत जाणं बंद, आणि मग हात. म्हणून "आजाराचं कळल्यामुळे दुःखी झाले" हे मुलीचं म्हणणं इथे जमत नव्हतं, दुःखी व्हायला लागले तेव्हा आजाराचं नावही घरात कोणी घेतलं नव्हतं.

मग एमआरआयमध्ये का दिसलं नाही? कारण साधा एमआरआय मेंदूचा आकार, गाठ, रक्तस्राव, जुना स्ट्रोक, पाणी साचणं हे दाखवतो. रसायनं कमी झालेली तो दाखवत नाही. पेट स्कॅन हा वेगळा स्कॅन रसायनांचं काम दाखवू शकतो. २००५ मध्ये त्याच्या एका अभ्यासात डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिनच्या नसांना चिकटणारं द्रव्य वापरलं होतं, आणि पार्किन्सन्ससोबत डिप्रेशन असलेल्यांत लोकस सेरुलियस, थॅलॅमस, अमिग्डाला, व्हेंट्रल स्ट्रायटम आणि अँटेरियर सिंग्युलेट अशा भावनांशी जोडलेल्या भागांत ते कमी चिकटलेलं दिसलं, डिप्रेशन नसलेल्या पार्किन्सन्सच्या पेशंटपेक्षा. पेशंट थोडेच होते, हेही सांगायला हवं. एमआरआयवर कपाळामागच्या भागाची जाडी, सिंग्युलेट, अमिग्डाला ह्यांत फरक सापडल्याचे अभ्यास आहेत, पण ते गटाच्या सरासरीचे, सगळ्यांचे निकाल जुळतातच असंही नाही, आणि त्यावरून एका माणसाच्या रिपोर्टवर "डिप्रेशन आहे" असं लिहिता येत नाही. सेरोटोनिनचं तर अजून गुंतागुंतीचं आहे, पार्किन्सन्समध्ये ते कमी होतं हे नक्की, पण जितकं कमी तितकं डिप्रेशन जास्त असा सरळ हिशोब लागत नाही.

हे ऐकून मुलगा जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे बाबा आळस नाही करून राहिले." नाही, नाही करून राहिले. पण फक्त रसायनाचंच आहे असंही मला वाटत नाही. हात थरथरतो म्हणून चारचौघांत लाज वाटणं, आयुष्यभर फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलेल्या माणसाला स्वतःची सही न जमणं, हे पण त्यात आहेच.

समोर काय पर्याय होते

न्यूरो आणि सायकियाट्रिस्ट दोघांशी बोलणं झालं. मला ह्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो तो म्हणजे लगेच काही सुरू न करता आधी दोन आठवडे डायरी ठेवली. काकूंनी वहीत तीन गोष्टी लिहायच्या, गोळी कधी घेतली, हालचाल कशी आहे, मूड दहापैकी किती. जीवाला तातडीचा धोका नव्हता, सोबत माणूस होतं, म्हणून हे परवडलं. तसं नसतं तर थांबलो नसतो.

वहीतून दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. एक तर दिवसभराचाच मूड खाली, तीन-चारच्या वर नाही. आणि दुसरं, दुपारी साडेबारा-एक आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तो अजून खाली जायचा, एक-दोनवर, छातीत धडधड, घाबरल्यासारखं, आणि गोळी घेतल्यावर पाऊण तासाने परत चारवर. गोळ्या होत्या आठ, दोन आणि आठला. म्हणजे डोस उतरला की मूडही पडत होता, हालचालीसारखाच. घरचे ह्यालाच "यांना संध्याकाळी काहीतरी होते" म्हणत होते. वर दुपारची गोळी जेवणासोबत, ताटात वरण, दही, कधी पनीर. प्रोटीन आणि लेव्होडोपा आतड्यातून आत जायला एकच वाट वापरतात, त्यामुळे ती गोळी धड चढतच नसणार.

पहिला पर्याय, फक्त लेव्होडोपा वाढवायचं. त्याने खड्डे भरले असते, दिवसभराचा खालचा मूड वर आला असता ह्याची खात्री नव्हती.

दुसरा, प्रॅमिपेक्सोल. हे पार्किन्सन्सचंच औषध आहे आणि २०१० च्या १२ आठवड्यांच्या एका मोठ्या चाचणीत त्याने डिप्रेशनची लक्षणं कमी झाली होती, आणि ती फक्त हालचाल सुधारली म्हणून नव्हे. कागदावर एकदम फिट. पण मी मुलीला एक प्रश्न विचारला, काका पैशाचा खेळ वगैरे काही करतात का. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली मोबाइलवर शेअरचं ट्रेडिंग करायचे, लॉकडाऊनमध्ये बरेच पैसे घालवले होते, आईला माहीत नाही. ह्या गटातल्या औषधांनी काही लोकांत जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक वागणं ह्यांवरचा ताबा सुटतो. दिवसा पेंगही आधीच होती. न्यूरोने हा पर्याय बाजूला ठेवला.

तिसरा, नॉरट्रिप्टिलीन. पार्किन्सन्समध्ये त्याचा उपयोग झालेला आहे, पण बद्धकोष्ठ, उभं राहिल्यावर बीपी पडणं, गोंधळणं, आणि काका आधीच दोनदा पडलेले. नको.

चौथा, नेहमीचं अँटीडिप्रेसंट. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११५ पेशंटच्या चाचणीत पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन दोन्ही प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरले होते आणि हालचाल बिघडली नव्हती, ही भीती बऱ्याच घरांत असते म्हणून सांगते. इथे अडचण रासाजिलीनची. ते आणि अशी औषधं सोबत असली तर सेरोटोनिन जास्त होऊन क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो. बरेच डॉक्टर लक्ष ठेवून दोन्ही सोबत देतात, सायकियाट्रिस्टची तयारी होती. न्यूरोचं म्हणणं, रासाजिलीनचा ह्यांना फार फायदा दिसत नाहीये, थांबवू, १४ दिवस जाऊ देऊ, मग सुरू करू. दोन डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले हीच मोठी गोष्ट, नाहीतर पेशंटच फाइल घेऊन रामदासपेठ ते धंतोली चकरा मारत असतो.

पाचवा, बोलण्याची थेरपी. २०११ मध्ये अमेरिकेत ८० जणांवर १० आठवड्यांची वर्तन-विचार थेरपी करून पाहिली होती, घरच्या माणसालाही शिकवलं होतं, फायदा चांगला झाला होता. हा औषधाऐवजी नाही, सोबत धरला.

काय केलं

आधी काढायच्या गोष्टी काढल्या. पॅसिटेन हळूहळू कमी करून बंद, कारण ह्या वयात ती विसराळूपणा आणि गोंधळ वाढवते, अल्प्राझोलामही एकदम न थांबवता थोडी थोडी कमी करत बंद. रक्त तपासलं, थायरॉइड ठीक, बी१२ बरंच कमी. घर शाकाहारी, त्यात लेव्होडोपा घेणाऱ्यांत बी१२ कडे लक्ष ठेवावंच लागतं. इंजेक्शनं सुरू झाली.

लेव्होडोपा तीनऐवजी चार वेळा, सात, अकरा, तीन, सात, आणि जेवणाच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी. दही-पनीर रात्रीच्या जेवणात. रासाजिलीन थांबवून चौदा दिवस झाल्यावर सर्ट्रालिन हे अँटीडिप्रेसंट २५ मिलिग्रॅम, पुढे ५०. वयामुळे सोडियम कमी होऊ शकतं म्हणून दोन आठवड्यांनी रक्त, आणि दर वेळी झोपून व उभं राहून बीपी.

माझ्या बाजूने काम तसं साधं होतं. "फिरायला जात जा" हे घरचे शंभरदा म्हणून थकले होते. आम्ही वेळ बदलली. गोळी चढलेली असते त्या तासातच काय ते ठरवायचं. तर्री पोह्याच्या बैठकीला अधूनमधून जाणंही पुढे पूर्ण का सोडलं विचारलं तर कारण निघालं की चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर तर्री शर्टवर सांडायची आणि एकाने हसून काहीतरी म्हटलं होतं. मग जाड मुठीचा चमचा, खोल वाटी, गडद रंगाचा शर्ट, आणि सातची गोळी घेऊन आठला पोचायचं. पहिल्या रविवारी गेले नाहीत. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी एक जुने सहकारी घरी येऊन स्कूटरवर बसवून घेऊन गेले, हे मात्र आमच्या प्लॅनमध्ये नव्हतं.

भाडेकरूंच्या मुलीची दहावी होती. लिहायचं नाही, फक्त तोंडी गणित सांगायचं, तिने लिहायचं, असं ठरलं. अकराची गोळी लागलेली असते तेव्हा, सुट्टीच्या दिवशी.

काकूंसाठी वेगळा वेळ ठेवला. त्यांचीच झोप दोन वर्षं धड नव्हती आणि "मला काय झालं, मी ठीक आहे" हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या त्यावरूनच कळलं. आठवड्यात एक दुपार मुलगी येऊन बसायची आणि काकू भिशीला जायच्या.

काय झालं

तीन महिन्यांनी स्केलवर ११ चे ६ झाले. दुपारचा खड्डा जवळजवळ गेला, संध्याकाळचा उथळ झाला पण आहे. पहाटे चारऐवजी साडेपाचला जाग. वजन दोन किलो परत आलं. "उठलोच नाही तर बरं" हा विचार दर भेटीला विचारते, आता येत नाही म्हणतात. ह्यातलं किती सर्ट्रालिनमुळे, किती बी१२ मुळे, किती गोळीच्या वेळेमुळे आणि किती पोह्यांमुळे, हे वेगळं काढता येणार नाही, सगळं जवळजवळ एकाच वेळी बदललं होतं.

सगळं गोड नाही झालं. सोडियम एकदा थोडं घसरलं, परत तपासून मग डोस तोच ठेवला. मे महिन्यात नागपूरचं ऊन माहीतच आहे, कूलरसमोर बसूनही उभं राहताना चक्कर यायला लागली, बीपी पडत होता, पाणी-मीठ वाढवलं, बीपीची जुनी गोळी डॉक्टरांनी कमी केली. आणि एक गोष्ट राहिलीच, काका आता उदास नाहीत, पण स्वतःहून काही सुरू करत नाहीत. कोणी म्हटलं चला तर जातात, मजाही येते, पण स्वतः म्हणत नाहीत. काकूंना वाटलं डिप्रेशन परत आलं. ते तसं नाही, ही निरिच्छता वेगळी असते, पार्किन्सन्समध्ये डिप्रेशनशिवायही दिसते, आणि अँटीडिप्रेसंटचा डोस वाढवून ती सहसा जात नाही. तिथे बाहेरून ढकलणारं वेळापत्रकच कामाला येतं. हा फरक कळल्यावर काकूंची चिडचिड कमी झाली, हे माझ्या मते गोळीएवढंच कामाचं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पार्किन्सन्सचं निदान झालं त्याच दिवशी मूडबद्दल दोन प्रश्न विचारले गेले असते तर चार वर्षं वाचली असती. पार्किन्सन्सच्या साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशनची लक्षणं असतात, हे काही दुर्मिळ प्रकरण नाही. पण ओपीडीत गर्दी, पेशंट हात दाखवतो, डॉक्टर हात पाहतात, मन दाखवायचं राहून जातं.

एमआरआय करणं चूक नव्हतं, विसराळूपणा आणि पडणं ह्यासाठी तो करावाच लागला असता. पण "ह्यात काय दिसणार नाही" हे आधी सांगितलं गेलं असतं तर रिपोर्टवरून भांडण झालं नसतं. मध्ये मुलगा विचारत होता की ट्रोडॅट स्कॅन करून सुधारणा दिसेल का. ट्रोडॅटमध्ये डोपामिनच्या नसांची टोकं किती उरली ते दिसतं, डिप्रेशन उतरलं की नाही ते दिसत नाही, म्हणून तो खर्च वाचवला.

ट्रेडिंगवाला प्रश्न तर प्रत्येक पेशंटला, आणि बायकोसमोर नाही, असा वेगळा विचारायला हवा. इथे मुलगी बोलली म्हणून कळलं, नाहीतर कागदावरचा फिट पर्याय घरात पोचला असता.

थेरपी गोळीच्या आधीच सुरू करायला हवी होती का, ह्यावर माझं आणि सायकियाट्रिस्टचं एकमत नाही. मला वाटतं डायरीच्या दोन आठवड्यांतच एक छोटं काम देता आलं असतं. ते म्हणतात एवढ्या खालच्या मूडमध्ये दिलेलं काम जमलं नसतं आणि अजून एक अपयश नावावर लागलं असतं. पहिले दोन रविवार पाहता त्यांच्या म्हणण्यात दम आहे.

आत्ता मुद्दा अडलाय तो गोळी किती दिवस ह्यावर. सायकियाट्रिस्ट म्हणतात बरं वाटायला लागल्यापासून निदान वर्षभर. काकांना दिवाळीपर्यंत बंद करायची आहे, आधीच डब्यात खूप गोळ्या झाल्यात म्हणतात. पुढच्या भेटीला मुलगा पुण्याहून येणार आहे, वही घेऊन बसायचं ठरलंय.